हबीबचाचांचा एकुलता एक अपघात

वऱ्हाडात ‘निघालो’ या शब्दाला काही अर्थ नाही. माणूस टॉवेल गुंडाळून न्हाणीच्या दारात उभा असतो आणि फोनवर सांगतो, “निघालोच!” ऐकणाराही इथलाच असतो, त्यामुळे तो लगेच चहाचं आधण ठेवत नाही. दोघांचंही काही बिघडत नाही. मी अकोल्याच्या जठारपेठेत वाढले, तेव्हा ही रीत मला शिकावी लागली नाही. हबीबचाचा मूर्तिजापूरचे, म्हणजे पक्के वऱ्हाडीच, पण त्यांना ती अखेरपर्यंत जमली नाही.

हबीबचाचा आमच्या संस्थेच्या जीपचे ड्रायव्हर. संस्था अमरावतीची. त्या वर्षांत वऱ्हाडात कापसापेक्षा संस्थाच जास्त उगवत होत्या. पेपरात रोज एखाद्या गावाचं नाव वाईट कारणानं यायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या गावात कुठली तरी जीप जाऊन उभी राहायची. आमची जीप माती तपासायला जायची. मी मातीचे नमुने घेणारी बाई आणि चाचा मला नेणारे. गावातून फोन आला की मी त्यांना खुणेनं सांगायची, “निघालो म्हणा.” चाचा फोन कानाला लावून शांतपणे सांगायचे, “नाही, अजून नाही निघालो. ताई डबा भरून राहिल्या. भाजी गरम हाये म्हनून झाकन बसून नाही राहिलं.” फाट्यावर येऊन फोन लावणाऱ्या टाकळीच्या सरपंचाला माझ्या डब्यात कुठल्या दिवशी काय होतं हे माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

एकदा आमचे संचालक देशमुखदादा सोबत होते. अकोल्याला कुठल्याशा साहेबांनी वेळ दिली होती आणि आम्ही बडनेऱ्याच्याही अलीकडे होतो. साहेबांचा फोन वाजला. दादा म्हणाले, “हबीब, तू घे, सांग मूर्तिजापूर सोडलं म्हणून.” चाचांनी जीप बाजूला घेतली, फोन उचलला आणि दादांच्या हातात ठेवला. “तुमीच सांगा दादा. मले बोलता येत नाही.” दादांनी सांगितलं आणि मग अकोल्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.

हे सगळं देवाधर्माच्या धाकानं चाललेलं असेल असं मला वाटायचं, म्हणून मी एकदा विचारलं. चाचा हसले. “धाक कायचा ताई? आमचे उस्ताद म्हनत, ड्रायव्हरनं खोटं नाही बोलाव. सवय जिभेतून हातात उतरते अन् हातातून स्टेअरिंगमधी. मंग वळनावर गाडी एक सांगते अन् करते दुसरंच.” हे उस्ताद म्हणजे चाचांना ट्रक शिकवणारे कोणी होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण आमच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर ते कायम बसलेले असायचे.

जीपवर त्यांचा जीव होता. खांद्यावर पिवळं फलालीनचं फडकं असायचं आणि ते फक्त जीपसाठी. घाम पुसायला शर्टाची बाही. गावात पोचलो की सगळ्या गाड्यांपासून लांब, बकऱ्या नसतील अशी सावली शोधून ते जीप लावायचे. दार कोणी आपटलं की म्हणायचे, “दरवाजा हाये बाप्पा, दुश्मन नाही.” इतक्या वर्षांत त्यांच्या हातून गाडीला ओरखडाही गेला नव्हता. आमच्या संस्थेला पैसा पुरवणारे लोक परदेशातले. त्यांनी असं ठरवलं होतं की जो ड्रायव्हर एकही अपघात न करता निवृत्त होईल, त्याला एक सन्मानचिन्ह द्यायचं. लाकडी पाटीवर बसवलेलं पितळी स्टेअरिंग. दादांनी त्याचा फोटो दाखवला, तेव्हा चाचा चष्मा वर-खाली करून तो फार वेळ पाहत राहिले.

पुढे मी त्यांच्या घरी गेले, तर बैठकीत दारासमोरच्या भिंतीवर एक लांबसडक खिळा ठोकलेला. त्यावर काहीच नाही. चाची म्हणाल्या, “पायलं काय ताई? जिंदगीभर दुनियेले शिकवलं का चाक फिरल्याशिवाय निघालो म्हनू नये. अन् स्टेअरिंग यायच्या आंधी खिळा ठोकून ठेवला!” चाचा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. “भिंत पक्की हाये का नाही थे पायत होतो,” असं काहीसं पुटपुटले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यात लंगडं वाक्य.

मग जीपमध्ये डबा आला.

हेही त्या परदेशी लोकांचंच खूळ. आपली माणसं आडरानात फिरतात, गाडीला काही झालं तर मदत पोचली पाहिजे, म्हणून त्यांनी प्रत्येक जीपमध्ये एक यंत्र बसवायला लावलं. पुण्याहून एक तंत्रज्ञ आला. स्टेअरिंगच्या मागे एक काळा डबा, टपावर शेंगदाण्याच्या लाडवाएवढी एक गोळी, डॅशबोर्डवर झाकणाखाली लाल बटण आणि बोलायला-ऐकायला एक जाळी. तंत्रज्ञ भला माणूस होता. चाचांनी त्याला चहा पाजला आणि मग सगळं वदवून घेतलं.

“हे वरतून उपग्रहानं आपल्याले पायते म्हनता?”

“नाही चाचा. उपग्रह पाहत नाही. तो नुसता वेळ सांगत राहतो. असे चार-पाच उपग्रह वेगवेगळ्या जागांवरून सांगतात, आणि त्यावरून हा डबा स्वतःच हिशेब करतो की आपण कुठे आहोत. उपग्रहाला आपला पत्ताही नसतो.”

“मंग मदतीले कोन बोलावते?”

“ते काम मोबाइलच्या टॉवरचं. डब्यात सिमकार्ड आहे, कुठल्याही कंपनीचा टॉवर धरतं. टपावर अँटेना आहे, त्यामुळे तुमच्या खिशातला फोन मुका असला तरी याला रेंज मिळते. आधी जागा कळवतो, मग आवाज जोडतो.”

चाचांनी जरा विचार केला. “म्हंजे वरचा फक्त कुठी हाये थे समजू देते. मदत खालच्यालेच करा लागते.”

“तसंच.”

“हे मले पटलं,” चाचा म्हणाले.

पुढचा भाग त्यांनी दोनदा समजून घेतला. बटण दाबलं तर आधी चौकशी होते: काय झालं, कोणाला झालं, मग संस्थेच्या माणसाला फोन करून खात्री. पण डब्याच्या पोटात धक्का ओळखणारा एक भाग आहे. गाडी जोरात आदळली तर तो स्वतःच फोन लावतो, आणि तेव्हा चौकशीसाठी कोणी थांबत नाही. माणूस बेशुद्ध असू शकतो ना. जवळच्या ॲम्ब्युलन्सला निरोप आधी जातो, बोलणं नंतर.

चाचणी म्हणून बटण दाबलं. जाळीतून एका मुलीचा गोड, इस्त्री केलेला आवाज आला. “नमस्कार. आपल्या वाहनाला अपघात झाला आहे का?”

“नाही बेटा, अल्लाची मेहेरबानी. जेवले काय?”

“सर, ही सेवा फक्त वाहनाच्या अपघातासाठी आहे. धन्यवाद.” आणि खट्ट. चाचांना ते लागलं. दुपारची वेळ, परक्या मुलुखातली पोर, तिला जेवलीस का म्हणून विचारायचं नाही तर काय विचारायचं? “पुन्याची असन,” त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दसऱ्याला दादांच्या बायकोनं नेहमीप्रमाणे जीपची पूजा केली. चाचांनी जीप आधीच धुऊन, झेंडूची माळ घालून उभी केली होती. दरवर्षी नारळ तेच फोडत, पुढच्या बंपरच्या लोखंडी गजावर, एका घावात. तसा फोडला. खोबरं वाटायला सुरुवात होते न होते तोच डॅशबोर्डवरचा लाल दिवा भकाभका पेटला आणि जाळीतून आवाज: “आपल्या वाहनाला अपघात झाल्याची नोंद आली आहे. मदत पाठवत आहोत.” डबा नवा होता आणि जरा जास्तच हळवा बसवला गेला होता. सगळे हसत सुटले. चाचा मात्र हातातलं खोबरं टाकून जीपमध्ये चढले. “बेटा, अपघात नाही, नारळ हाये! नारळ! गाडी नको पाठवू, कोनाले तरी खरी लागत असन!” त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. आपल्या नावावर तो अपघात मांडला असेल तर खोडावा म्हणून ते दादांच्या मागे लागले. तंत्रज्ञ पुन्हा आला, डब्याचा हळवेपणा कमी करून गेला. जाताना म्हणाला, “आता खरी धडक बसल्याशिवाय हा तोंड उघडणार नाही.”

पुढच्या वर्षी, चाचांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना, आम्ही टाकळीला गेलो. टाकळी मेळघाटाच्या पायथ्याला, खोलगट जागी वसलेली. मोबाइल तिथे फक्त गाणी ऐकायला चालत. कपाशी छातीएवढी झालेली, अंग चिकट करणारं ऊन आणि शेताशेतांतून फवारणी चाललेली. फवारताना औषध भिनून माणसं दगावल्याच्या बातम्या त्या दिवसांत येत होत्या. आम्ही गावात सांगतही होतो की तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या उलट जाऊ नका. पण त्या दमटात तोंड बांधून पंप ओढणं काय असतं ते ओढणाऱ्यालाच ठाऊक.

दुपारी चार माणसांनी गजाननला खाटेवर घालून आणलं. तिशीतला माणूस, दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारायला गेलेला. तोंडाला फेस, अंगाला घाम, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्याची बायको सुनंदा खाटेसोबत धावत होती आणि एकच वाक्य म्हणत होती, “आताच तर भाकर खाऊन गेला.” चाचांनी जीपचं मागचं दार उघडलं, खाट आत घेतली आणि आम्ही निघालो. गावाबाहेर आलो तर नाला दुथडी. आमच्या डोक्यावर ऊन, पण वर सातपुड्यात कुठे तरी कोसळला होता. पूल पाण्याखाली गेलेला. जीप जाणं शक्य नव्हतं. वरच्या अंगाला नाला अरुंद होता, तिथे दोर बांधून माणसं जाऊ शकत होती, खाटही नेता आली असती. पण पलीकडे नुसता रिकामा रस्ता. दोघं जण दोर धरून गेले आणि फाट्याच्या दिशेनं पळत सुटले. फोन लागतो तो पार फाट्यावर. गजाननचा श्वास तोवर टिकेल असं मला वाटेना.

आम्ही जीप परत गावाच्या तोंडाशी, डब्याला रेंज मिळेल अशा जरा उंच जागी आणली. चाचांनी लाल बटण दाबलं.

“नमस्कार. आपल्या वाहनाला अपघात झाला आहे का?”

“नाही बेटा. पन एक मानूस मरून राहिला…”

“सर, ही सेवा वाहनाच्या अपघातासाठी आहे. कृपया सरकारी ॲम्ब्युलन्सच्या क्रमांकावर…”

“थो फोनच नाही लागत न इथून!”

मी पुढे झेपावले. “हो, झालाय अपघात! गाडी उलटली आहे! लवकर पाठवा!” मी धडधडीत खोटं बोलले, आणि उद्या वेळ आली तर पुन्हा बोलेन. पण त्या डब्यानं माझं पितळ उघडं पाडलं. “मॅडम, धडकेची नोंद इथे दिसत नाही. गाडी सरळ उभी आहे, इंजिन चालू आहे. मी आपल्या संस्थेला फोन करून खात्री करते.” संस्थेत फोन म्हणजे दादांना, आणि दादा अमरावतीला मोठ्या सभेत मोबाइल बंद करून बसलेले. लाइन बंद झाली.

चाचा माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे. “ताई,” ते म्हणाले, “खोटं कावून बोलाव? उतरा. समदे उतरा.”

खाट खाली घेतली. चाचांनी जीपची दारं एकेक करून हलक्या हातानं लावली. फडकं खांद्यावरून काढून सीटवर ठेवलं. बोनेटवर दोनदा थाप मारली, म्हातारी गाय असावी तशी. मग आत बसले, पट्टा बांधला आणि जीप मागे घेतली. समोर गुरांचा जुना दगडी हौद होता, वापरात नसलेला. मला कळलं तोवर जीप सुटली होती.

असा आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही. झाडावरचे पक्षी उडाले, बायका किंचाळल्या. जीपचं तोंड हौदात रुतलेलं, काचेला तडा, आणि चाचा स्टेअरिंग धरून ताठ बसलेले. लाल दिवा पेटला.

“आपल्या वाहनाला अपघात झाला आहे का?” तोच आवाज, पण इस्त्री मोडलेली.

“हो बेटा,” चाचा म्हणाले. “झाला. आता झाला.”

“कोणी जखमी आहे का?”

मी मनातल्या मनात हात जोडले. आता तरी हो म्हणा, एवढं एकदा. चाचांनी श्वास घेतला आणि सगळं सांगून टाकलं. “गाडीनं कोनी जखमी नाही. गाडी मीच धडकवली, मुद्दाम, हौदाले. पन मानूस हाये. कपाशीचं औषध भिनलं त्याले. मघा सांगत होतो, थोच.”

सुनंदा जीपच्या खिडकीला धरून उभी होती.

“सर,” मुलगी म्हणाली, “धडक बसल्याबरोबर ॲम्ब्युलन्सला निरोप गेला आहे. तो मी परत घेत नाही. आता मला नीट सांगा, तिनं कुठे यायचं?”

आणि ते सांगणं गरजेचंच होतं. डब्याला जीप कुठे आहे ते ठाऊक होतं, नाल्याला पूर आला आहे हे ठाऊक नव्हतं. ॲम्ब्युलन्स सरळ त्या ठिपक्याकडे आली असती आणि पलीकडून पाणी बघत बसली असती. चाचांनी तिला फाटा सांगितला, पुलाच्या अलीकडचं बाभळीचं बन सांगितलं, दोर कुठे बांधलाय ते सांगितलं. विष कशाचं ते मी, खाटेसोबत आणलेल्या औषधाच्या बाटलीच्या लेबलवरून वाचून दाखवलं, म्हणजे पुढच्या डॉक्टरला आधी कळेल. मग आम्ही खाट उचलून नाल्याकडे पळालो. चाचा जीपमध्येच थांबले, लाइन तुटू नये म्हणून.

खाट दोराच्या आधारानं पलीकडे गेली. सुनंदा कमरेएवढ्या पाण्यातून गेली. ॲम्ब्युलन्स आली, गजाननला चढवलं, नळी लावली, दार बंद झालं. हे सगळं अलीकडून बघून मी धापा टाकत परत आले, तर जाळीतून मुलगी विचारत होती, “पोचली का चाचा?” ती सरवरून चाचांवर कधी आली कोण जाणे.

“भोंगा ऐकू आला,” चाचा सांगत होते, “पन म्या डोळ्यानं नाही पायली. थांब जरासी.” मी ओरडले, “चढवलं!”

“तुमी पायलं?”

“पाहिलं.”

“चढवलं बेटा,” त्यांनी कळवलं. मग जरा थांबून, “जेवले काय?”

“नाही चाचा,” ती म्हणाली. “आता जेवते.”

मगच ते खाली उतरले आणि त्यांनी पहिल्यांदा बोनेटकडे पाहिलं. सीटवरचं फडकं घेतलं आणि चेपलेल्या पत्र्यावरची धूळ पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही.

गजानन वाचला. बरेच दिवस दवाखान्यात काढून घरी आला. इकडे संस्थेत कागद रंगवायची वेळ आली. दादा मनानं चांगले. म्हणाले, “हबीब, बैल आडवा आला असं लिहू. मग ती तुझी चूक धरत नाहीत. स्टेअरिंग तुलाच मिळेल.”

“कोनाचा बैल?” चाचांनी विचारलं.

“कोणाचाही. कुठे तपासायला येतायत ते?”

“नाही दादा. मुक्या जनावराच्या नावावर कावून लावता? मीच धडकवली, तसंच लिवा.”

तसंच लिहिलं गेलं. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दादा भाषण अर्ध्यावर सोडून खाली बसले. पितळी स्टेअरिंग आलं नाही. चाचांनी त्या नारळाकडे बघून मला हळूच म्हटलं, “हा मात्र घरी फोडीन.” मी हसले, पण परदेशातल्या त्या लोकांचा मला आलेला राग आजही गेलेला नाही.

नंतर मी एकदाच मूर्तिजापूरला त्यांच्याकडे गेले. ते थकले होते, पण अंगणातल्या सायकलवर ते पिवळं फडकं वाळत होतं. बैठकीत शिरताच माझी नजर भिंतीवर गेली. खिळा होता, आणि त्यावर एक जाडजूड कापडी थैली लटकलेली. मी विचारण्याआधीच चाची म्हणाल्या, “तुरीची दाळ. टाकळीहून येते, दरसाल. थो गजानन सोता आनून देते. खाली ठेवली का उंदरं लागतात.” भिंत पक्की होती एवढं मात्र दिसत होतं.

संध्याकाळी ते मला स्टँडवर सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. मी अकोल्याच्या बसमध्ये चढून खिडकीशी बसले, ते खाली उभे. नवऱ्याचा फोन आला. मी नेहमीच्या सवयीनं म्हणाले, “हो, निघालेच.” खालून चाचा बघत होते. बस उभी होती. ड्रायव्हर चढलाही नव्हता, पानठेल्यावर गप्पा मारत होता. चाचांनी नुसतं चाकाकडे पाहिलं. मी फोनमध्ये म्हणाले, “नाही, अजून नाही. बस उभी आहे.” नवरा गोंधळला. “बरी आहेस ना?” म्हणाला.

फोन ठेवल्यावरही आम्ही तसेच राहिलो, मी वर आणि ते खाली. त्यांना घरी जायची घाई नव्हती. अखेर ड्रायव्हर आला, घंटी वाजली, बस हलली. चाचा दोन पावलं सोबत चालले, वाकून त्यांनी मागचं चाक खरंच फिरतंय का पाहिलं, आणि हात वर करून ओरडले, “हां ताई, आता सांगा!”

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. निरोप गजाननचा आला, फाट्यावरून. “ताई, चाचा गेले,” तो म्हणाला. मी सवयीनं विचारलं, “तू पाहिलंस?” पलीकडे तो रडायला लागला. “पायलं ताई,” म्हणाला, “म्या खांदा देऊन येऊन राहिलो.”